पर्स भिंतीकडच्या खांद्याला

ताई, माझं वय ३६, पुण्यात आयटीत नोकरी करते. ऑक्टोबरात ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर रोमला जायचंय. काम संपलं की पुढचे चार दिवस माझे. सगळे म्हणतात व्हेनिस कर, फ्लॉरेन्स कर. मला नेपल्स बघायचंय. शाळेत असताना व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि त्याच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईबद्दल वाचलं, तेव्हापासून डोक्यात बसलंय. पण ऑफिसातला एकजण तिथे पाकीट घालवून आलाय. तो म्हणतो, "बाईमाणसाने एकटीने जायचं गाव नाही ते." आई म्हणते, माफियाचं गाव. मी रात्री व्हिडिओ बघत बसते. कचरा, रंगवलेल्या भिंती, अंधाऱ्या गल्ल्या दिसल्या की हातपाय गार पडतात. आजवर एकटी फिरले ती फक्त महाबळेश्वरला. शाकाहारी आहे, इटालियन येत नाही. जाऊ का? गेले तर काय सांभाळू? आणि आईला काय सांगू?
— भित्री पण हट्टी, कोथरूड

प्रिय भित्री पण हट्टी,

जा. महिनाही बरा निवडलायस. ऑगस्टच्या मध्यावर तिथे फेरागोस्तोची सुट्टी असते. अर्धं गाव समुद्रावर पळतं, दुकानांची शटरं खाली येतात आणि भर दुपारी गल्ल्या ओस पडतात. ऑक्टोबरात तसं नसतं. गल्ली ओस आहे की भरलेली, हे मी पुढे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तेव्हा कंटाळू नकोस.

तुझ्या ऑफिसातल्या माणसाचं पाकीट गेलं ते खरंच असणार. माझंही गेलं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका खचाखच भरलेल्या बसमध्ये चांगले इस्त्रीचे कपडे घातलेला एक गृहस्थ नकाशा घेऊन माझ्याकडे आला आणि अगदी नम्रपणे काहीतरी विचारू लागला. त्या गावात मी स्वतःच तिसऱ्या दिवशीची पाहुणी, मला काय डोंबल कळणार? पण समोरचा विचारतोय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून मी नकाशात डोकं घातलं. पुढच्या थांब्याला तो उतरला, त्याच्याबरोबर आणखी कोणीतरी उतरलं, आणि माझ्या पर्सची चेन उघडी होती. साठ युरो, एक कार्ड आणि सासूबाईंनी दिलेला गणपतीचा छोटा फोटो. पैशांपेक्षा त्या फोटोचं वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट याचं वाटलं, की माझं पाकीट चोराच्या हुशारीने गेलं नव्हतं, माझ्या भिडेने गेलं होतं.

भीड भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणायच्या, आणि तरी त्याच आज्यांनी आपल्याला भीड शिकवली. कोणी काही विचारलं की उत्तर द्यायचं, कोणी मदत करतो म्हटलं की हसून हो म्हणायचं, कोणी जवळ येऊन उभं राहिलं तरी आपणच जरा सरकायचं. तू स्वतःला भित्री म्हणतेस. मला तुझ्या भीतीची काळजी नाही, भीती आपलं काम चोख करते. मला काळजी आहे ती तुझ्या भिडेची. नेपल्समध्ये तुला कोणाशी उद्धट वागल्यासारखं वाटलं, तर समज बरोबर चाललंय.

आता त्या गावात खरं काय होतं ते सांगते. पाहुण्यांच्या वाट्याला येते ती मुख्यतः चोरी. खिसा मारणं आणि पर्स हिसकावणं. हिसकावण्याला तिकडे 'स्किप्पो' म्हणतात: स्कूटरवर दोघं, मागचा हात लांब करतो, पर्स ओढतो आणि गाडी गल्लीत वळते. ऐकायला भयंकर वाटतं, पण तू पुण्याची आहेस. सोनसाखळी चोरांची कला तुला कोणी वेगळी शिकवायला नको. सकाळी फिरायला जाताना मंगळसूत्र पदराखाली किंवा कॉलरच्या आत घालायची जी सवय तुझ्या आईला आहे ना, तीच सवय तिथे पर्सला लावायची. सोनं घरी. फोन हातात नाचवत चालायचं नाही. नकाशा बघायचाच असेल तर दुकानात शिर, दाराआड उभी राहा आणि बघ.

आणि पर्स भिंतीकडच्या खांद्याला, रस्त्याकडच्या नाही. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. एका म्हातारीने शिकवलं.

क्वार्तिएरी स्पान्योली म्हणजे स्पॅनिश वस्ती. १६ व्या शतकात व्हाइसरॉय पेद्रो दे तोलेदोच्या काळात स्पॅनिश सैनिकांच्या मुक्कामासाठी या गल्ल्या आखल्या गेल्या. तेव्हापासून त्या बदनाम. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या बाल्कन्यांतून मीठ मागता यावं. तळमजल्यावर एकेका खोलीची घरं असतात, त्यांना 'बास्सो' म्हणतात, आणि घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं. आतला पलंग, टीव्ही, शिजणारं टोमॅटोचं सार, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. जागा पुरत नाही म्हणून घर रस्त्यावर सांडतं: खुर्ची बाहेर, कपडे बाहेर, भांडण बाहेर. गिरगावातल्या चाळीची गॅलरी आडवी करून जमिनीवर ठेवली तर कशी दिसेल, तसंच.

त्यातल्या एका दारात सत्तरीपुढची एक बाई खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. मी समोरून जाताना तिने मला हटकलं, बोटाने स्वतःच्या डोळ्याखालची पापणी खाली ओढली आणि माझ्या पर्सकडे मान उडवली. ही खूण इटलीत सगळीकडे चालते, अर्थ एवढाच: डोळे उघडे ठेव. मला कळलं नाही असं वाटून ती उठली, माझ्या खांद्यावरचा पट्टा काढला, भिंतीकडच्या खांद्यावर अडकवला, वर पर्स दोनदा थोपटली आणि पुन्हा शेंगांना लागली. एक शब्द बोलली नाही. आपल्याकडे बसस्टॉपवर अनोळखी बाई दुसरीला "तुमची चेन उघडी आहे हो" म्हणते, तसंच झालं.

तू व्हिडिओत बघून घाबरतेस त्या याच गल्ल्या. त्या घाणेरड्या दिसतात म्हणून धोक्याच्या नसतात. वर वाळत घातलेल्या चादरी, दोरीने खाली सोडलेली टोपली, खुर्चीवरची आजी, फुटबॉल खेळणारी पोरं असतील तर तिथे तुझ्याकडे वीस डोळे बघताहेत. भिंतीवर कितीही रंगरंगोटी असू दे, अशा गल्लीत बिनधास्त चाल. उलट रुंद, स्वच्छ, दिव्यांचा रस्ता, दोन्ही बाजूंना बंद कचेऱ्या आणि चिटपाखरू नाही, तिथून मागे फिर. एकच कसोटी: या क्षणी मी ओरडले तर कोणाची खिडकी उघडेल? उत्तर सापडलं नाही, तर तो रस्ता तुझा नाही.

रोमहून येणारी जलद गाडी साधारण सव्वा तासात नापोली चेंत्रालेला, म्हणजे नेपल्सच्या मुख्य स्टेशनाला पोचते. दिवसाउजेडी पोच, हा पहिला नियम. स्टेशनाबाहेरचा गारिबाल्दी चौक हा तुझ्या मनातल्या भीतीच्या सर्वांत जवळचा तुकडा आहे: फेरीवाले, रिकामटेकडे, अस्ताव्यस्त गर्दी. दिवसा काही होत नाही, पण सामान घेऊन तिथे घुटमळायचं कारणही नाही. तिकिटाच्या यंत्रापाशी कोणी बटणं दाबून द्यायला येईल, कोणी बॅग उचलायला येईल. त्यांना नको म्हणायचं, हसायचं नाही. बाहेर न पडता आतूनच खाली उतर आणि मेट्रोची लाइन १ पकड. पाचवं स्टेशन दांते. त्याच्या आधी तोलेदो लागतं. जमिनीखाली जवळपास ५० मीटर खोल असलेलं ते निळ्या मोझेइकचं स्टेशन बघायला लोक मुद्दाम उतरतात. तू सामान घेऊन उतरू नकोस, दुसऱ्या दिवशी मोकळ्या हाताने ये.

राहायला दांते चौक आणि बेल्लिनी चौक यांच्या आसपास बघ. तिथे विद्यार्थी असतात, पुस्तकांची दुकानं आहेत, रात्री उशिरापर्यंत माणसं दिसतात. फारच धास्ती वाटली तर डोंगरावरचं व्होमेरो. फ्युनिक्युलर गाडीने वर जायचं. मध्यमवर्गीय, शांत, झाडंबिडं असलेली वस्ती, थोडक्यात तिथलं कोथरूड. पण कोथरूडहून निघून कोथरूडलाच राहायचं तर विमानाचं तिकीट कशाला काढायचं, असं माझं आपलं मत. स्टेशनजवळचं स्वस्त हॉटेल मात्र घेऊ नकोस. तिथे वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात.

खोली ठरवताना आणखी एक बघ. ते 'बास्सो' हल्ली बरेच जण पाहुण्यांना भाड्याने देतात. फोटोत गोड दिसतात, विटांची कमान, पिवळे दिवे. पण खिडकी म्हणजेच दार आणि दार म्हणजेच रस्ता. रात्री दोन वाजता तुझ्या उशीपासून हातभर अंतरावरून स्कूटर जाणार. एकट्या बाईने पहिला मजला किंवा त्याच्या वर राहावं, खाली कोणी दरवान किंवा स्वागतकक्ष असेल तर उत्तम. एकट्याच फिरणाऱ्या बायकांनी त्या जागेबद्दल काय लिहिलंय तेवढंच वाच, बाकीच्यांनी नाश्त्याबद्दल काय लिहिलंय ते सोड.

फिरणं सोपं आहे, कारण जुनं गाव ग्रीकांनी आखलेल्या सरळ रेघांवर उभं आहे. शहराला मधोमध चिरत जाते ती स्पाक्कानापोली, तिला समांतर व्हिया देई त्रिबुनाली. या दोघींमधल्या सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्लीत येशूजन्माच्या देखाव्याच्या मूर्ती वर्षभर बनतात, गणपतीआधीच्या पेणची आठवण येईल. गर्दीत पर्स पोटावर घे, बाकी चिंता नाही. स्पॅनिश वस्तीत मॅराडोनाचं १९९० साली रंगवलेलं भलंमोठं चित्र आहे आणि त्याच्यासमोर अक्षरशः देवळासारखी जत्रा असते. तिथवर जा. तिथून वर डोंगराकडे चढत गेलीस की गल्ल्या विरळ होत जातात. संध्याकाळनंतर वर चढू नकोस, तोलेदो रस्त्याकडे उतर.

रिओने सानिता ही दुसरी बदनाम वस्ती, आणि माझी सर्वांत आवडती. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच राजवटीत शहराबाहेर राजवाड्याकडे जाणारा रस्ता थेट तिच्या डोक्यावरून पुलाने नेला. पुलावरून श्रीमंत गेले, खालची वस्ती खालीच राहिली. आता पुलावरून लिफ्टने खाली उतरता येतं. तिथल्या मुलांनी २००६ साली 'ला परांझा' नावाची सहकारी संस्था काढली आणि सान जेन्नारोची भुयारी दफनभूमी लोकांना दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या मार्गदर्शकाबरोबर जा. वस्तीतलाच तरुण किंवा तरुणी बरोबर असते. बाहेर आल्यावर त्यांनाच विचार, आता कुठल्या रस्त्याने परतू? त्यांच्या उत्तराइतका भरवशाचा नकाशा नाही.

माफियाबद्दल आईला आधी दुरुस्त कर. माफिया सिसिलीचा, नेपल्समध्ये कामोर्रा. तो आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याचा धंदा अमली पदार्थांचा, खंडणीचा, कंत्राटांचा. त्याला तुझ्या पर्सशी देणंघेणं नाही. तुलाही त्याच्याशी नसावं. शहराच्या उत्तरेला स्काम्पिया नावाची वस्ती आहे, तिथे शिडाच्या आकाराच्या उंच इमारती होत्या, पडद्यावर झळकून झळकून जगभर गाजलेल्या. काहीजण त्या बघायला जातात. २०२४ च्या जुलैत तिथल्या एका इमारतीतला सज्जा कोसळून माणसं गेली. धारावीत कॅमेरा गळ्यात घालून फिरणारे गोरे बघून तुला जे वाटतं, ते तिथल्या बायकांना तुझ्याबद्दल वाटू देऊ नकोस.

रात्रीचं काय? जेवायला खुशाल बाहेर जा. ते लोक आठ-साडेआठच्या आधी जेवतच नाहीत, दहाला रस्त्यावर लहान मुलं खेळत असतात. समुद्राकाठच्या रस्त्यावर संध्याकाळी सगळं गाव नटूनथटून चालायला येतं, त्यात सामील हो. फटाके ऐकून दचकू नकोस. वाढदिवस, बारसं, फुटबॉल, कशालाही तिथे आतषबाजी होते. परत येताना मात्र गेलीस त्याच रस्त्याने ये, नवा रस्ता शोधायची हौस सकाळी भागव. टॅक्सी लागलीच तर रांगेतली पांढरी, मीटर असलेली. बरेच ठरावीक मार्ग ठरावीक दरात असतात, तो दर गाडी हलायच्या आत विचारायचा. गाडी सुटल्यावर विचारलंस तर उत्तर वेगळं येतं. हे आपल्या रिक्षावाल्यांमुळे तुला ठाऊक आहेच.

पुरुषांबद्दल लिहायलाच हवं. "चाओ बेल्ला" ऐकू येईल. दहांपैकी नऊदा ते सवयीचं असतं, भाजीवाल्याच्या "या ताई"सारखं. उत्तर द्यायचं नाही, थांबायचं नाही. दहाव्या वेळी मागे चालत आला, तर सरळ कॉफीच्या बारमध्ये शिर. तिथे दर पन्नास पावलांवर बार असतो, दारूचा नव्हे, कॉफीचा. काउंटरवरच्या बाईला सांग, खुणेने सांग. गर्दीच्या बसमध्ये 'चुकून' लागणाऱ्या हाताला इटालियन भाषेत नावच आहे, 'मानो मोर्ता', मेलेला हात. आपल्या आया सेफ्टी पिन बाळगायच्या. तू आवाज बाळग. "बास्ता!" एवढं मोठ्याने ओरड. आपल्या 'बास'सारखंच ते, उच्चार शिकायलाही नको. बस तुझ्या बाजूने उभी राहते, हे मी पाहिलंय. मदत हवी असेल तर "आयुतो!" संकटात ११२ हा क्रमांक. शिवाय बायकांवरच्या अत्याचारासाठी आणि पाठलागासाठी १५२२ हा वेगळा राष्ट्रीय क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत. दोन्ही आजच फोनमध्ये टाक.

पॉम्पेईची लोकल सर्वांत बदनाम, नाव चिर्कुमवेझुव्हियाना. डबे रंगवलेले, गर्दी मुंबईसारखी, लेडीज डबा मात्र नाही. खिसेकापूंचं ते माहेर. बहुतेक पाहुणे गारिबाल्दीला चढतात आणि उभ्याने जातात. गाडी सुटते ती एक स्टेशन अलीकडून, पोर्ता नोलानाहून. तिथे जाऊन चढ, बसायला मिळेल, आणि बसलेल्या बाईच्या मांडीवरच्या पर्सला हात घालणं अवघड. उतरायचं स्टेशन 'पॉम्पेई स्कावी, व्हिल्ला देई मिस्तेरी', त्याच्यासमोरच प्रवेशद्वार. आता तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, म्हणून आधी काढून ठेव आणि ओळखपत्र बरोबर ने.

एवढं करूनही पाकीट गेलंच, तर रडायला दहा मिनिटं घे, मग पोलिसांत किंवा काराबिनिएरींकडे (तिथलं दुसरं पोलीस दल) जाऊन 'देनुंचा' म्हणजे तक्रार नोंदव. त्या कागदाशिवाय विमा कंपनी दाद देत नाही. पासपोर्ट गेला तर भारतीय दूतावास रोमलाच आहे, तुझं परतीचं विमानही बहुधा तिथूनच असेल. पैसे आणि कार्डं दोन ठिकाणी वाटून ठेव, एक कार्ड खोलीत कुलपात. आणि स्कूटरवाल्याने पर्स ओढलीच तर सोडून दे. पट्टा धरून फरफटत जाणाऱ्या बायकांची हाडं मोडतात. म्हणून पर्समध्ये तेवढंच ठेव जेवढं सोडता येईल.

जेवणाची काळजी करूच नकोस, शाकाहारी माणसाने इटलीत उपाशी राहायचं ठरवलं तर तिथे ते सर्वांत अवघड जाईल. मार्गारिता पिझ्झा आहेच. मारिनारावर चीजही नसतं, नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो. रस्त्यावर पिझ्झा चौघडी करून देतात, तो उभ्याने खायचा. 'क्रोक्के' म्हणजे बटाट्याचा तळलेला लांबट गोळा, बटाटेवड्याचा बिनमिरचीचा भाऊ. कधीकधी आत हॅमचे तुकडे असतात, विचारून घे. मिरीचे 'ताराल्ली' बघून चकल्या वाटतील, पण त्यांत डुकराची चरबी असते. कॉफी बारवर उभ्यानेच प्यायची, आधी पाण्याचा पेला देतात. तिथे 'काफे सोस्पेझो'ची जुनी रीत आहे: एक कॉफी पिऊन दोनचे पैसे द्यायचे, दुसरी कोणा अनोळखी गरजूसाठी. शेवटच्या दिवशी एक ठेवून ये. मी त्या शेंगावाल्या आजीच्या नावाने ठेवली होती.

आता आई. तिला व्हिडिओ दाखवू नकोस, गोष्ट सांग. पॉम्पेईत १९३८ साली एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. साधारण वीतभर उंच, अंगभर दागिने, शेजारी दोन दासी. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती ओळखली जाते, बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती तिथे होती. तिच्यासारख्याच मूर्ती आपल्याकडे सापडल्या आहेत, एक तेरला आणि एक जालन्याजवळच्या भोकरदनला. तेर म्हणजे जुनं तगर. तिथला माल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून पश्चिमेकडे, हे ग्रीक व्यापाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे कदाचित, मी कदाचितच म्हणते, मराठवाड्याकडची एक बाई दोन हजार वर्षांपूर्वीच तिकडे जाऊन आली आहे. आलेली नाही खरं तर, अजून तिथेच आहे. नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयातल्या 'गुप्त दालना'त बघ. आजूबाजूला रोमन लोकांनी काय काय घडवलंय ते पाहून लाजू नकोस, तीही लाजत नाही. अंगावर एवढे दागिने घालून उभी आहे, पण ती काचेआड आहे. तू तुझे घरीच ठेव.

हे ऐकून आई हसली तर निम्मं काम झालं. उरलेलं कागदावर कर: हॉटेलचा पत्ता, फोन, गाड्यांच्या वेळा. तिला लाइव्ह लोकेशन देऊ नकोस. तू संग्रहालयात दोन तास हलली नाहीस तर ती पोलिसांत जाईल. त्याऐवजी रोज एकदा फोन, ठरलेल्या वेळी. फक्त वेळ नीट ठरव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत पुणं साडेतीन तास पुढे असतं, मग तिकडची घड्याळं बदलतात आणि फरक साडेचार होतो. तू "रात्री नऊला करते" म्हणालीस, तर आई साडेबारापर्यंत जागी. संध्याकाळी साडेसहा ठरव. तिकडे तू समुद्रावर असशील, इकडे दहा वाजता तिची झोपायची तयारी.

चार दिवसांत एखादा मंगळवार येत असेल तर बघ, त्या दिवशी ते संग्रहालय बंद असतं. पातळ वस्त्र पांघरलेला संगमरवरी ख्रिस्त आहे ती संसेव्हेरोची चॅपेलही बंद, आणि तिचं तिकीट एरवीही आधीच काढावं लागतं. मंगळवार पॉम्पेईला ठेव. पोर्ता नोलानाला साडेआठच्या आत पोच, डावीकडची जागा पकड, व्हेसुव्हियस त्याच बाजूला येतो.

— तुझी ताई